बोहल्यासमोरचा खांब

लेकीला सुपरमार्केटमध्ये नोकरी लागली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली, आणि काही आठवड्यांतच त्याच देवाला म्हणाले, सुटू दे बाबा ही नोकरी. मला कुणी स्थिर डोक्याची म्हणणार नाही, माहीत आहे. आमचे हे तर म्हणतातच, "तुला काळजी करायला काही मिळालं नाही, तर तू त्याचीही काळजी करशील." म्हणोत. त्या दुकानात मी जे पाहिलं, खरं तर जे मला दिसलंच नाही, ते ह्यांच्या कधी लक्षातही आलं नसतं.

लेक तिशीची. सासरहून कायमची परत आलेली. का, कशी, ते इथे नको. आल्यापासून ती दाराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जायची. कुणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, हळदीकुंकवाला तर नाहीच. मी बोलायला गेले की म्हणायची, "आई, मला काही झालेलं नाही." हेच एक वाक्य, सकाळ-संध्याकाळ. आणि मग एक दिवस ती आपली आपणच जाऊन मुलाखत देऊन आली, आणि डोंबिवलीतल्याच एका नव्या सुपरमार्केटमध्ये फ्लोअर इन्चार्ज झाली. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, केसांचा घट्ट बुचडा. घरात मोठ्याने बोलायला लागली. जेवायला लागली. पहिला पगार झाला त्या रविवारी म्हणाली, "चल आई, तुला माझं दुकान दाखवते." माझं दुकान म्हणाली! मी लगेच साडी बदलली.

लग्नानंतर आमचा सगळा संसार ठाण्यात, खोपटला गेला. निवृत्तीनंतर जरा मोठी जागा परवडावी म्हणून आम्ही डोंबिवलीत आलो. माझं माहेर इथलंच, पण आता रस्ते ओळखू येत नाहीत. रिक्षा थांबली तरी मला काही कळलं नाही. काचेचं दार, वर केवढी मोठी पाटी, बाजूला मोटारसायकली लावलेल्या. आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्याशी जमिनीवर मोझॅकचं कमळ दिसलं. पुढे सगळीकडे पांढऱ्या चकचकीत लाद्या, पण हा एवढा तुकडा कुणी बदलला नव्हता. मी तिथेच थांबले.

"अगं," मी म्हटलं, "हे तर आमचं कार्यालय!"

"कसलं कार्यालय?"

"मंगल कार्यालय. माझं लग्न लागलं इथे. या कमळावर उभं राहून माझ्या मामाने वऱ्हाडाला गुलाबपाणी शिंपडलंय."

लेक इतकी हसली की काउंटरवरच्या मुली वळून बघायला लागल्या. मग काय, फेरीची मजाच वाढली. ती मला तिचं दुकान दाखवत होती, मी तिला माझं लग्न. डाळी-कडधान्यांच्या ट्रेपाशी वधूपक्षाच्या खुर्च्या. साबण-पावडरीच्या जागी पंगत बसली होती, आणि तिथे आमच्या काकाने जिलब्या आग्रह करकरून वाढून व्याह्यांना अगदी नको नको करून सोडलं होतं. दूध-पनीरचे फ्रीज ओळीने लावलेत ते थेट बोहल्यावर. "म्हणजे तू पनीरमध्ये उभी राहिलीस," लेक म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि तुझे बाबा श्रीखंडात.

मग ह्यांची आठवण निघाली म्हणून मी सहज खांब शोधला.

कारण आमच्या लग्नातली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो खांब. हॉलच्या ऐन मध्यावर, बोहल्याच्या जरा अलीकडे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा जाडजूड खांब होता. ह्यांच्याकडची माणसं रत्नागिरीहून एसटीने आली, उशिरा पोचली, तोवर पुढच्या खुर्च्या आमच्या लोकांनी भरून टाकलेल्या. ह्यांच्या दोन्ही आत्या खांबाआड बसल्या. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि आत्याबाईंना नवरा-नवरी दिसलेच नाहीत. असा काही रुसवा झाला म्हणता! जेवायला उठेनात. माझे वडील डोक्यावरची टोपी हातात घेऊन विनवण्या करत होते. सासूबाई असेतोवर एखाद्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं तरी गाडी तिथेच जायची, "तुमच्याकडच्यांनी आमच्या माणसांना खांबाआड बसवलं."

तो खांब तिथे नव्हता.

मी पुढे गेले, मागे आले. बिस्किटांच्या रॅकपासून फ्रीजपर्यंत सगळं मोकळं, ट्रॉल्या इकडून तिकडे सरळ जात होत्या. वर पाहिलं तर पांढऱ्या चौकोनांचं फॉल्स सीलिंग. आणि माझ्या लग्नाच्या वेळी हे कार्यालय म्हणजे तळमजला आणि वर गच्ची, एवढंच होतं. आता बाहेरून मी चार मजले पाहिले होते.

"आई, काय शोधतेस?"

"खांब कुठे गेला इथला?"

"कुठला खांब?"

"काही नाही, तूप कुठे ठेवलंय?" मी म्हटलं. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी आलेलं ते हसू मला घालवायचं नव्हतं. तिने मला डिस्काउंटमधलं तूप घेऊन दिलं, मी पिशवी घेतली आणि बाहेर येऊन पुन्हा एकदा वर बघितलं. पहिल्या मजल्याच्या खिडक्या पुठ्ठ्यांनी बंद केलेल्या. त्याच्या वर कपडे वाळत होते.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "अहो, कार्यालयात खांब होता ना हो?"

"होता म्हणजे? माझ्या आईने तो मरेपर्यंत पडू दिला नाही."

"आता नाहीये."

ह्यांनी पेपर खाली केला. म्हणाले, "अगं, इंजिनियर लोक असतात. काहीतरी केलंच असेल त्यांनी." आणि पेपर पुन्हा वर. मला त्या 'काहीतरी'ची भीती वाटली. आमच्याकडे लोक सगळंच काहीतरी करून ठेवतात.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. लेक सकाळी डबा घेऊन निघाली की मी गॅलरीत उभी. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला इमारत बसणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. दर थोड्या दिवसांनी कुठली ना कुठली बातमी असतेच, आणि ढिगाऱ्यातून पाळणा नाहीतर कुकर काढताना दाखवतात. लांबून अँब्युलन्स वाजली की मी लेकीला फोन करायचे. "आई, काय?" "काही नाही, कोथिंबीर आण." आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या पाच जुड्या झाल्या. लेक म्हणाली, "आई, तुला काय झालंय?" मी म्हटलं, मला काही झालेलं नाही.

मग मी काहीबाही आणायच्या निमित्ताने तिच्या दुकानात जायला लागले. खरेदी कसली, मी जमीन बघायचे. फ्रीजच्या समोरच्या लाद्यांत एक चीर होती, ती पोह्यांच्या रॅकखाली जाऊन पलीकडे निघाली होती. एका फ्रीजचं दार लावलं तरी आपसूक उघडायचं; मुलींनी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. मी एकीला विचारलं, हे कधीपासून? "पहले से ही ऐसा है आंटी," ती म्हणाली. आणि वर घरघर ऐकू येत होती. काहीतरी जड ढकलत नेत होते.

"वर काय आहे गं?" मी लेकीला विचारलं.

"गोडाऊन. तांदूळ, साखर, तेलाचे डबे. का?"

आमच्या लग्नात ज्या स्लॅबखाली खांब होता, त्या स्लॅबवर आता तांदळाची पोती रचलेली होती, आणि खाली माझी लेक दिवसभर फिरत होती.

कार्यालयाचा मालक हयात आहे, हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणे, एकटाच; मुलगा ठाण्याला. मी तशीच जिना चढले. जिन्याला बाजूने वेगळं दार होतं, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीचं प्लास्टर फुगून आलं होतं. मी हात न लावता वर गेले.

म्हातारबाबा ऐंशीच्या पुढचे. इथल्याच गावचे, मूळचे शेतीवाले. मी लग्नाचं सांगितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः चहा टाकला. मग जागेची सगळी कहाणी ऐकवली. त्यांच्या वडिलांची इथे गवताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. तबेले हलले, वखार बसली, मग म्हातारबाबांनी कर्ज काढून कार्यालय बांधलं. "डोंबिवलीतली निम्मी लग्नं माझ्याकडं लागली बाय," म्हणाले. पुढे लोकांना लॉन आणि एसी हॉल हवे झाले. मग इथे क्लासेस आले, चादरींचे सेल लागले, आणि शेवटी हे सुपरमार्केट. मधल्या काळात गरजेप्रमाणे एकेक मजला वर चढत गेला.

"आणि काका, तो मधला खांब?"

ते हसले. आवडीचा विषय निघाल्यासारखे हसले. "त्यानं लय ताप दिला बाय. दर लग्नात वरपक्ष रुसायचा. कुणाची मावशी खांबाआड, कुणाची आत्या खांबाआड. व्हिडिओवाल्याचंही रडगाणं. लोक बुकिंग करायला यायचे, खांब बघायचे नि परत जायचे. मंग एका वर्षी तिथी संपल्यावर काढूनच टाकला."

"काढला म्हणजे?"

"तोडला. वर लोखंडी गर्डर टाकला आडवा. ठेकेदार ओळखीतला व्हता. तवा वर गच्चीच व्हती ना, कसलं वजन? पुढच्या वर्षी सगळ्या तिथी फुल्ल!"

"आणि मजले?"

"ते मंग नंतर."

मी कप खाली ठेवला. त्यांच्या खुर्चीखाली जमीन, तिच्याखाली पोती, पोत्यांखाली तो गर्डर. आमच्या आत्याबाईंसारख्या शंभर आत्याबाईंचा मान राखायला या माणसाने इमारतीचा पायच कापला होता, आणि स्वतः त्यावर बसून चहा पीत होता. "तुम्हाला भीती नाही वाटत, काका?"

"कसली? इतकी वर्षं काय झालं का?" ते म्हणाले. "तू बिस्कीट घे."

भिंतीला हात न लावता मी जिना उतरले. मी थेट दुकानात गेले, लेकीला हाताला धरून बाहेर फुटपाथवर आणलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, "आत्ताच्या आत्ता राजीनामा दे."

ती भडकली. अशी भडकलेली मी तिला तिच्या सासरच्यांवरही पाहिली नव्हती. "झालं? झाली तुझी सुरुवात? मी कुठे नीट उभी राहिले की तुला धडकी भरते. तुला मी घरातच हवी आहे, आतल्या खोलीत, दार लावून."

"अगं, मी तसं—"

"मला भीती वाटत नाही, आई. तुला भ्यायचं तर तू भी." आणि काचेचं दार ढकलून आत गेली.

मी रिक्षात रडत घरी आले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तिला सांगायचं ते तू सांगितलंस," म्हणाले, "आता उद्या मी जाऊन त्यांच्या मॅनेजरशी बोलतो." ह्यांच्यासारखा माणूस मॅनेजरशी काय बोलणार, पण त्यांनी रात्रीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

त्यांना जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचाच फोन आला. आवाज अगदी हळू. "आई, मी शिडी लावून फ्रीजच्या वरचा एक चौकोन उघडला."

"मग?"

"तुझा खांब वर तुटलेला दिसतोय. छताला त्याचं वरचं टोक अजून तसंच आहे. आणि तो गर्डर... आई, तो वाकलाय."

मी म्हटलं, बाहेर ये. ती म्हणाली, येते, पण आधी फोटो काढते. तिने ते फोटो मॅनेजरला दाखवले. मॅनेजरने तिला वेड्यात काढलं नाही, एवढं त्याचं चांगलं. त्यानेही वर डोकावून पाहिलं आणि दुकान तिथल्या तिथे बंद केलं. बाहेर पाटी लावली, स्टॉक मोजणी चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर येणार होता.

सकाळी मीही गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, ह्यांना बरोबर घेऊन. इंजिनियर तरुणच होता. हेल्मेट घालून आत गेला, आणि लगेच बाहेर आला. मॅनेजरशी बोलतानाचा त्याचा चेहरा मला रस्त्यापलीकडून दिसला. मग तो ओरडलाच, "वरचे सगळे खाली. आत्ता. काही घेऊ नका."

पण माणसं घेतातच. एक बाई देव्हारा घेऊन उतरली. एक माणूस टीव्ही छातीशी धरून. मुलं गाउनवरच्या आयांना चिकटून. दुकानातल्या मुली रस्त्यात घोळक्याने उभ्या, आणि त्यांच्यात माझी लेक. ती दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी हात वर करून तिला बोलावत होते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती जिन्याच्या दाराकडे बघत होती.

"दुसऱ्या मजल्यावरचे काका कुठेत?" तिने मोठ्याने विचारलं. वॉचमन म्हणाला, हाक मारली, ते म्हणाले नाही येत.

आणि ती निघाली. जिन्याच्या दारातून आत गेली.

मी काय ओरडले, मला आठवत नाही. ह्यांनी नंतर सांगितलं की मी तिचं लहानपणचं नाव घेऊन ओरडत होते. रस्ता ओलांडून मी त्या दाराशी पोचले आणि इंजिनियरने मला दोन्ही दंडांना धरलं. "काकू, नाही. तुम्ही नाही." मी त्याला शिव्या दिल्या. त्या म्हाताऱ्याला दिल्या. ह्यांच्या आत्यांना दिल्या, ज्या कधीच्या गेल्या बिचाऱ्या, पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसलेल्या. आतून कसलासा आवाज आला, माती सांडल्यासारखा, आणि सगळे मागे सरकले. मी नाही सरकले. त्या दिवशी काही पडलं नाही, पुढे टेकू लावून इमारत रिकामी केली, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की मी तिला आधीच ओढून का नाही नेली, हातपाय बांधून का नाही नेली. ती गेली तर मी त्या जिन्यावरच डोकं आपटून घेणार होते.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग जिन्यात तिचा आवाज ऐकू आला. "सावकाश काका. अजून एक पायरी. घाई नाही." घाई नाही म्हणे! म्हातारबाबा तिच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होते. ती बाहेर आली, त्यांना वॉचमनच्या हाती दिलं, माझ्याकडे वळली, आणि मी तिला भर रस्त्यात, तिच्या हाताखालच्या मुलींसमोर, खाडकन एक ठेवून दिली. तिशीच्या लेकीला. ती गालावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

"नको मारू तिला बाय," म्हातारबाबा म्हणाले. त्यांची मान हलत होती. "मी नाय म्हणलं. माझं कार्यालय मी नाय सोडत म्हणलं. तर ही माझ्यासमोर लादीवर मांडी घालून बसली. म्हणे, तुम्ही येईपर्यंत मी पण इथंच. तिकडं भिंतीतनं माती गळतीय, नि ही बसलीय. मंग मी काय करणार?"

मी लेकीकडे बघितलं. तिचा बुचडा सुटला होता, टी-शर्टवर सगळा चुना. मला वाटलं, आता म्हणेल, मला काही झालेलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मला खूप भीती वाटत होती गं. बसल्याबसल्या मला तुझ्याकडे यायचं होतं." आणि तिचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. सासरहून परत आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. ती आता रस्त्यात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली, आणि मी तिला धरलं. ह्यांनी रिक्षा आणेपर्यंत आम्ही समोरच्या केमिस्टच्या पायरीवर बसून राहिलो.